नऊ केबीची सूचना, दोन एमबीचे पान

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गावात नेट आहे की नाही, हे आपल्याकडे एकाच गोष्टीवरून ठरते : वेबसाइट उघडते का. मेळघाटात किंवा भामरागड-एटापल्लीकडे मोबाइलवर टॉवरची एखादी कांडी असते, पान अर्धे येते, गोल फिरत राहते आणि माणूस 'नेट नाही' म्हणून मोबाइल खिशात टाकतो. नेट असते, ते पान ओढण्याइतका जोर त्यात नसतो. पाचशे शब्दांची मराठी कृषी सूचना साध्या मजकुराच्या फाइलीत नऊ-दहा केबीत मावते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खाते, हे धरूनच हा हिशेब आहे. आजचे सरासरी वेबपान दोन एमबीच्या पुढे गेले आहे. सेकंदाला शंभर किलोबिट मिळत असतील तर सूचना सेकंदभरात येते. त्या पानाला दोन मिनिटे चाळीस सेकंद लागतात, तेही मध्ये जोडणी तुटली नाही तर.

वेबच्या आधीपासून आणि वेबच्या बरोबरीने इंटरनेटवर इतर मार्ग आहेत. त्यातला गॉफर, म्हणजे मेनूतून मजकुराच्या फाइली देणारा मार्ग, गावच्या कामाचा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मार्क मॅककाहिल आणि सहकाऱ्यांनी तो १९९१ मध्ये तयार केला. १९९३ च्या सुरुवातीला विद्यापीठाने गॉफर सर्व्हरसाठी (फाइली पुरवणाऱ्या प्रोग्रामसाठी) परवाना शुल्काची भाषा सुरू केली आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने वेब सगळ्यांना मोफत खुले केले. लोक कुठे गेले ते वेगळे सांगायला नको. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे गॉफर उताराला लागल्यावर. त्यामुळे मराठीत त्याच्याबद्दल कोणी फारसे लिहिलेच नाही.

गॉफरची रीत अशी : सर्व्हरच्या ७० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, जोडणी करायची, हव्या त्या फाइलीची खूण पाठवायची, मजकूर येतो आणि जोडणी बंद होते. मेनूतली प्रत्येक ओळ एका अक्षराने सुरू होते. ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे पुढचा मेनू, ७ म्हणजे शोध, ९ म्हणजे इतर फाइल. त्यानंतर दिसणारे नाव, टॅब, फाइलीची खूण, टॅब, सर्व्हरचा पत्ता, टॅब, पोर्ट. जाहिरात, कुकी, पॉप-अप यांना जागाच नाही.

याचा खरा उपयोग इंटरनेटशिवायही होतो, आणि तालुक्याच्या गावातल्या वाचनालयांनी किंवा शाळांनी तो करून पाहावा, म्हणून हे पत्र. रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू हा छोटासा संगणक (पुढे नुसता 'पाय'), १६ जीबीचे चांगले मेमरी कार्ड आणि पाच व्होल्टचा अडीच अँपिअरचा अडॅप्टर, एवढेच सामान लागते; हीच आपली 'पेटी'. कार्डावर रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती टाकावी आणि वायफायचा देश 'भारत' निवडावा. तो निवडला नाही तर वायफाय बंदच राहते. तात्पुरते नेट जोडून गॉफरनिकस हा सर्व्हर उतरवून घ्यावा आणि मग नेटवर्क मॅनेजर या प्रोग्रामने हॉटस्पॉट, म्हणजे मोबाइल जोडायचे पेटीचे स्वतःचे वायफाय, सुरू करावा. पायचा पत्ता सहसा १०.४२.०.१ असतो. हॉटस्पॉटला 'ऑटोकनेक्ट' चालू करून ठेवणे लोक हमखास विसरतात. ते मुळात बंद असते, त्यामुळे लाईन जाऊन आली की पाय चालू होतो, हॉटस्पॉट होत नाही आणि दोष पेटीला मिळतो. पायवरच्या वायफायवर एका वेळी आठ-दहा मोबाइलपर्यंतच भरवसा धरावा.

सगळ्यात जास्त डोके खाणारी चूक अशी. पहिला मेनू छान उघडतो, पण कुठल्याही ओळीवर बोट ठेवले की जोडणी नाकारली जाते. गॉफरच्या प्रत्येक ओळीत सर्व्हरचा पत्ता असतो, आणि तो न सांगितल्यास सर्व्हर 'लोकलहोस्ट' लिहून मोकळा होतो. मोबाइलसाठी लोकलहोस्ट म्हणजे मोबाइल स्वतः! सेटिंगमध्ये होस्ट म्हणून १०.४२.०.१ लिहिले की काम झाले. दुसरी चूक टॅबची. मेनूची फाइल मोबाइलवर लिहिली तर कीबोर्डवर टॅब नसतोच. काही एडिटर टॅबच्या जागी चार स्पेस ठेवून देतात. मग ती ओळ दिसते, पण दाबता येत नाही, कारण टॅब नसलेल्या ओळीला गॉफरनिकस नुसती माहिती समजतो. फाइल सर्वांना वाचता येईल अशी परवानगीही द्यावी, नाहीतर ती मेनूत असूनही मिळत नाही. फाइलींची नावे रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि स्पेसविना ठेवलेली बरी.

मराठीपुरते बोलायचे तर मोठा अडथळा जुन्या फॉन्टचा आहे. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात असतो. गॉफरमध्ये फॉन्ट सांगण्याची सोयच नाही, त्यामुळे तो मजकूर रोमन अक्षरांचा चिवडा होऊन दिसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे, मग र्‍हस्व-दीर्घ, रफार आणि अर्धा र डोळ्यांनी तपासावेत. रूपांतरात हेच आधी बिघडतात. युनिकोड असूनही प्रश्नचिन्हे दिसली, तर सर्व्हरचा अक्षरसंच यूटीएफ-८ आहे का ते पाहावे.

वाचायला अँड्रॉइडवर लाग्रांज हे ॲप घ्यावे. ते गॉफर, जेमिनी आणि फिंगर हे वेबबाहेरचे तिन्ही मार्ग उघडते. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर त्यात नोटो सान्स देवनागरी फॉन्ट जोडावा. टर्मक्स या आज्ञा टाइप करायच्या ॲपमध्ये लिंक्स (Lynx) हा जुना ब्राउझरही गॉफर वाचतो, पण तिथे वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. चाचणीपुरता तो ठीक. पेटीच्या वायफायला इंटरनेट नाही हे कळताच मोबाइल गुपचूप मोबाइल डेटावर परततो. 'इंटरनेट नाही, तरी जोडलेले ठेवायचे का' असे विचारले की 'हो' म्हणावे, किंवा डेटा तेवढ्यापुरता बंद ठेवावा.

एक उणीव पक्की ध्यानात ठेवावी. फाइल किती मोठी आहे हे गॉफर आधी सांगत नाही. जोडणी मध्येच तुटली, तर आलेला अर्धा मजकूर वाचणाऱ्याला पूर्णच वाटतो. 'कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास फवारणी' या गुलाबी बोंडअळीच्या सूचनेतले 'सलग तीन रात्री' गळाले, तर शेतकऱ्याची एक फवारणी फुकट जाते. म्हणून प्रत्येक फाइलीच्या वर तारीख आणि शेवटी 'समाप्त' लिहावे. हवामान विभागाचे कृषी सल्ले मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात. त्या दोन दिवशी पेन ड्राइव्हने फाइल बदलली तरी पुरते.

जेमिनी हा गॉफरचा नवा भाऊ, २०१९ चा. त्याचे पोर्ट १९६५, जेमिनी यानातून माणूस पहिल्यांदा अवकाशात गेला त्या वर्षाचे. त्यात टीएलएस, म्हणजे जोडणी सांकेतिक करून सुरक्षित ठेवणारी पद्धत, सक्तीची आहे, मजकूर मुळातच यूटीएफ-८ धरला जातो आणि अर्धवट तुटलेली जोडणी ओळखता येते. पण गावच्या पेटीवर तो जरा हट्टी वागतो. सर्व्हरला दिलेले नाव आणि पत्त्यातले नाव जुळले नाही तर ५३ क्रमांकाचे नकाराचे उत्तर येते. पत्ता १०२४ बाइटपेक्षा लांब चालत नाही. शोधाचे शब्दही त्याच पत्त्यात जातात आणि टक्केवारीच्या सांकेतिक रूपात देवनागरीचे एक चिन्ह नऊ बाइटांचे होते. म्हणजे शंभर-एकशे दहा चिन्हे झाली की संपले. शिवाय सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र पहिल्या भेटीत पाहिले तेच वाचकाचे ॲप खरे धरते. कार्ड खराब झाले आणि नवे प्रमाणपत्र बनवले, तर प्रत्येक मोबाइलवर धोक्याची सूचना झळकेल. प्रमाणपत्राच्या फोल्डरची प्रत पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावी. ही पेटी गावाबाहेर जगाला दाखवू म्हटले, तर सिमकार्डावर ते होत नाही; कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटते आणि बाहेरची हाक आत पोचत नाही. त्यासाठी भाड्याचा सर्व्हर घ्यावा.

लाईनीचा विचार आधी करावा. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडू शकते. पाय एक-दीड वॅट खातो. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर सोळा-अठरा तास निघतात. मात्र चार्ज होता होता वीज देणारीच पॉवर बँक घ्यावी, आणि लाईन येता-जाताना ती क्षणभर वीज तोडते का ते पाहावे. तोडली की पाय बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मे महिन्यात टिनाच्या खोलीत चिप ८० अंशांच्या पुढे जाऊन स्वतःचा वेग उतरवते. पेटी सावलीत ठेवावी, पण कूलरसमोर नको. ओल लागली की संपली.

गॉफरवरचे सगळे उघडे जाते. लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, मोबाइल नंबर त्यावर टाकू नयेत. अर्ज भरणे, पैसे भरणे, केवायसी यातले काहीच त्यावर होत नाही. नुसते वाचायचे : बाजारभाव, एसटीचे वेळापत्रक, लसीकरणाचे दिवस, ग्रामसभेची नोटीस.

आपल्या दैनिकाकडे एक मागणी आहे. बाजारभावाचा तक्ता आपण रोज छापता. तोच युनिकोड मजकुराच्या फाइलीत, ओळीला एक बाजार समिती, पिकाचे नाव आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर असा, सकाळी सातपर्यंत खुला करावा. चित्र नको, पीडीएफ नको. विदर्भातल्या सगळ्या समित्या धरल्या तरी ती फाइल काही केबींचीच होईल आणि कुठल्याही वाचनालयाच्या पेटीवर तशीच ठेवता येईल.

आपला,
एक वाचक, धारणी, जि. अमरावती