मे महिन्यात आलेल्या वकीलबाईस

चि. वकीलबाईस,

अनेक आशीर्वाद. तुला चिरंजीव म्हणावं एवढी मी मोठी आहे, आणि 'वकीलबाई' हे नाव माझ्या आईने ठेवलंय, तेव्हा तेच राहू दे. "अहो आजी, मी अजून शिकतेय, सनद मिळायला वेळ आहे," असं तू तिला कितीदा सांगितलंस, पण ऐकेल तर ती आमची आई कसली. तू मे महिन्यात इंटर्नशिपला आली होतीस त्या कायद्याची मदत करणाऱ्या संस्थेत तुझा फोन नंबर मागितला, तर विद्यार्थ्यांचे नंबर पक्षकारांना देत नाही म्हणाले. योग्यच आहे ते. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. वाचलंस तर कुणाचं आहे ते तुला पहिल्या चार ओळींत कळेल.

तर, फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं, खाली भावाचं आणि आम्हा दोघी बहिणींचं. मी पनवेलहून मुद्दाम गावी गेले आणि मोबाईलवर सातबारा उघडून तिला दाखवला. तिने बोटाने स्वतःच्या नावाची जागा विचारून घेतली आणि लगेच म्हणाली, "वकीलबायला कळवलंव काय?" काल पुन्हा विचारलं. म्हणून आज बसलेच लिहायला.

आमची गोष्ट कोकणात काही नवी नाही. आजोबा खोताचे कूळ. १९४९च्या कायद्याने खोती गेली, कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ला कसणारा मालक मानला गेला, आणि पुढे आजोबांच्या नावाचं ३२ म चं प्रमाणपत्र, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला, घरात आलं. आजोबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर थोरल्या काकांचं नाव चढलं, मागे 'ए.कु.मॅ.' लावून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकटे दोघे भाऊ, त्यातले एक माझे वडील, मुंबईला गिरणीत. सातबारा बघायला वेळ कुणाला होता, आणि बघायची गरज तरी काय होती? काका होते तोवर आंब्याची पेटी आणि तांदळाचा वाटा न सांगता घरी पोचायचा. काका गेल्यावर त्यांच्या मुलांनी वारस म्हणून आपापली नावं लावून घेतली. फक्त आपली. माझे वडील त्याआधीच गेले होते. राहत्या घराच्या अंगणात उभी असलेली माझी आई कागदावर कुठेच नव्हती.

त्यानंतर ज्यांनी ज्यांनी 'बघतो' म्हटलं त्यांची यादी करायची नाही असं ठरवलंय, पण दोघांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक, कचेरीबाहेरच्या टपरीवर बसणारा एजंट. त्याने आईकडून कागद घेतले, पैसे घेतले, आणि गणपतीपर्यंत काम होईल म्हणाला. कुठल्या वर्षीच्या गणपतीपर्यंत ते बोलला नाही. दुसरे एक वकीलसाहेब. फी आगाऊ घेतली, आणि आम्ही चाकरमानी मे महिन्यात गावी आलो की सांगायचे, "मे महिना आहे, कोर्टाला सुट्टी." दिवाणी कोर्टाला मे महिन्यात सुट्टी असते हे खरंच. पण आमचं प्रकरण महसुलाकडचं, आणि महसुलाच्या कचेऱ्या मे महिन्यात उघड्या असतात! उलट अख्खं कोकण आंबे, लग्नं आणि जमिनीचे कागद ही तिन्ही कामं घेऊन त्याच महिन्यात गावी येतं. हे आम्हाला तू सांगितलंस. आणखी एक गोष्ट तू सांगितलीस, जी त्या साहेबांनी कधी तोंडातून काढली नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. आईने तेव्हा तुझ्याकडे असं पाहिलं की तुलाच अपराधी वाटलं असावं.

संस्थेची खोली आठवते ना? बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, वर पत्रा, एकच पंखा आणि तोही कपाटाकडे तोंड करून. आम्ही आलो तेव्हा कातकरीवाडीतली माणसं वनहक्काच्या दाव्याचे कागद घेऊन बसली होती, आणि एक मासेवाली बाई आपली पाटी दाराबाहेर ठेवून आत नवऱ्याबद्दल हळू आवाजात काहीतरी सांगत होती. तुम्हा विद्यार्थ्यांना पाच वर्षांच्या कोर्सला वीस आठवडे इंटर्नशिप करावीच लागते, हे मला माझ्या भाच्याने सांगितलं. तो स्वतः कायदा शिकतोय. त्याने त्याचे आठवडे फोर्टातल्या एका वातानुकूलित ऑफिसात भरले आणि फोटोही पुष्कळ टाकले. त्याला नावं ठेवत नाही. पण तू त्या पत्र्याखाली घामाघूम होऊन आईची पिशवी उपसत होतीस, ते मी विसरणार नाही.

ती पिशवी! प्लास्टिकची, लग्नाच्या बस्त्याची, त्यात चाळीस-पन्नास वर्षांचे कागद. घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्डाच्या झेरॉक्सी, वाळवीने कडा खाल्लेले जुने फेरफार. तू ते सगळे सतरंजीवर मांडलेस. अर्ज, अपील, विलंब माफी, यातलं मला अर्धंच कळलं, ते इथे सांगत बसत नाही. ते संस्थेच्या वकीलताईंनी चोख केलं आणि त्यांचे आभार मी समक्ष मानलेत. वारसांच्या यादीत आम्हा बहिणींची नावं तू लिहूनच टाकली होतीस, "मुलींची लावायची का?" असा प्रश्नसुद्धा न करता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासून बायको, मुलगे, मुली, सगळ्यांना बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात सारखा वाटा आहे, पण कचेऱ्यांत हा प्रश्न आजही विचारतात.

पण मला लिहायचंय ते चिठ्ठ्यांबद्दल.

संध्याकाळ झाली होती. बाकीची पोरं चहाला गेली. तू आईला म्हणालीस, "आजी, मी चार आठवड्यांनी जाणार. तारखा पुढेही पडतील. तेव्हा कुठला कागद कुठला, ते तुम्हाला कळायला हवं." आईला अक्षरओळख नाही. मी म्हटलं, मी असेन ना. तू म्हणालीस, "नसलात तर?" आणि खोकीभर पारदर्शक पाकिटं काढून एकेका कागदाला पाकीट आणि एकेका पाकिटावर चिठ्ठी लावायला बसलीस. चिठ्ठीवर अक्षर नाही, चित्र. घरवाडीच्या सातबाऱ्यावर माड. मळ्याच्या सातबाऱ्यावर भाताची लोंबी. वरकसावर, म्हणजे डोंगराकडच्या हलक्या जमिनीच्या कागदावर, काजू, बोंडासकट, लाल पेन्सिलीने रंगवून. ३२ म च्या प्रमाणपत्रावर नांगर. नांगराचा फाळ उलटा झाला होता, तो आईने दुरुस्त करायला लावला आणि तू खोडून पुन्हा काढलास.

मग वडिलांचा मृत्यूचा दाखला हातात घेऊन तू थांबलीस. मी असते तर हार किंवा समई काढून मोकळी झाले असते. तू विचारलंस, "आजी, आजोबांसाठी काय काढू?"

आई जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मिरदुंग काढ. भजनात त्योच वाजवायचे."

तू मृदुंग काढलास. दोन्ही तोंडं, वाद्या, शाईचा काळा गोल, सगळं. माझे वडील गेल्यापासून किती कचेऱ्यांत त्यांचा उल्लेख 'मयत' म्हणून झाला असेल. ते काय वाजवायचे हे कुणी विचारायची वेळ पहिल्यांदाच आली.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. तू गेल्यावर पावसात एक तारीख पडली. मला रजा मिळाली नाही, भाऊ बोटीवर, आणि वकीलताईंची एसटी घाटात दरड आल्यामुळे अडकली. आई एकटीच कचेरीत पोचली. वकीलताई धापा टाकत आत शिरल्या तेव्हा साहेब दाखला मागत होते, आणि आईने पाकिटं चाळून मृदुंग बरोबर काढून त्यांच्यापुढे ठेवला. मग नांगर. मग लोंबी. चुलतभावांचे वकील स्वतःच्या फायलीत कागद शोधत होते, म्हणे. साहेबांनी चिठ्ठी निरखून विचारलं, "आजी, हे कुणी काढलं?" आई म्हणाली, "आमच्या वकीलबायनं." हे वकीलताईंनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी लोकलमध्ये होते. शेजारच्या बाईने मला पाणी दिलं, यावरून काय ते समज.

चांगली माणसं नाहीत असं मी कधीच म्हटलं नाही. त्या कचेरीतल्या शिपायाने आईला प्रत्येक वेळी बाक रिकामा करून दिला, वाडीतल्या रिक्षावाल्याने उधारीवर नेलं-आणलं. पण ज्यांच्या हातात पेन असतं त्यांना समोरच्या म्हाताऱ्या बाईलाही डोकं आहे हे आठवत नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती निकाल लागला म्हणून मिटलेली नाही. ते फी घेणारे वकीलसाहेब हुशार होते, कायदा तुझ्यापेक्षा जास्तच जाणत असतील. आईशी मात्र ते माझ्यामार्फत बोलायचे, ती समोर बसलेली असताना.

वाटप अजून व्हायचंय. चुलतभाऊ सध्या आमच्याशी बोलत नाहीत. त्यांची आई, म्हणजे थोरली काकी, मात्र परवा काळोख पडल्यावर परसदारातून आली. आईने तिला चहा दिला. बोलता बोलता कळलं की पोरांनी सातबाऱ्यावर तिचंही नाव लावलेलं नाही, तिच्या मुलींचंही नाही. आमच्या निकालाने आमच्या घरापुरतं काम झालं, तिचं तसंच लोंबकळतंय. तिने पाकिटं मागून घेतली, एकेक चित्र जवळ धरून पाहिलं, आणि म्हणाली, "मला पन असली करून देशील काय गो?"

मी बसले काढायला. माझा माड खराट्यासारखा दिसतो. काकीने तो नाकारला.

येत्या मे महिन्यात ती संस्थेत जाणार आहे, आमच्या आईला सोबत घेऊन. तू परत येशील असं मी धरून चालत नाही, तुझी परीक्षा असेल, दुसरीकडे जायचं असेल. पण तुझ्या कॉलेजातलं जे कुणी येणार असेल, त्याला किंवा तिला रंगीत पेन्सिली आणायला सांग. काकांसाठी काय काढायचं ते काकीने ठरवून ठेवलंय, आणि ते सोपं नाही: खेकडा.

तुझी,
आजीची थोरली मुलगी