वाचनालयाची दप्तरे वाचणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर प्रणाम.

आपले नाव या पत्रात कोठेही येऊ नये अशी अट आपण घातली होती, म्हणून ते घेत नाही; मात्र आभार खाजगीत मानून विषय संपवावा ही आपली दुसरी सूचना आमच्या कार्यकारिणीने एकमताने फेटाळली, तशी नोंद इतिवृत्तात आहे. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयाला गेल्या वर्षी अनुदान मंजूर झाले आणि त्यातून लोखंडी कपाटे व पुस्तके आली, हे साऱ्या गावाला दिसते. ते मिळण्याआधी आपण आमच्याकडून काय करून घेतलेत आणि काय करू दिले नाहीत, हे मात्र कोणाला दिसत नाही. गोव्यातल्या कितीतरी भजनी मंडळांना, नाट्यमंडळांना, महिला मंडळांना आणि वाचनालयांना नेमके तेच उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

लेखापरीक्षणातली नोकरी संपवून आपण गावी राहायला आलात, तेव्हा आमची अपेक्षा साधी होती. कोणत्या खात्याच्या कोणत्या योजनेत पैसे मिळतात याची यादी आपण द्यावी आणि आम्ही अर्ज टाकावेत, एवढेच आमच्या मनात होते. आपण यादी दिली नाहीत, दप्तरे मागितलीत. रोजकीर्द, पावतीपुस्तके, बँकेचे पासबुक आणि इतिवृत्ताची वही आम्ही पुढे ठेवली. ती आपण चाळलीत, खजिनदारांनी ‘किरकोळ खर्च’ म्हणून लिहिलेल्या रकमांभोवती पेन्सिलीने गोल काढलेत आणि मग विचारलेत, ‘पुस्तके कोण नेतो, हे कशात लिहिता?’ ती देवघेवीची नोंदवही खिडकीत पडलेली होती. बारावीत शिकणारी आमच्याच वाड्यावरची एक मुलगी संध्याकाळी दोन तास वाचनालय सांभाळते आणि तारीख, सभासद, वाडा, पुस्तक, परत आल्याचा दिवस असे सुवाच्य अक्षरात लिहून ठेवते. ही वही दप्तरात धरायची असते, असे तोवर कोणी मानले नव्हते.

आपण ती वही घरी नेलीत आणि परत आणलीत ती एका तक्त्यासह. कोणत्या वाड्यावरून किती वाचक येतात, त्यांत शाळकरी मुले किती आणि बायका किती, मार्चपासून काजूच्या हंगामात मोठ्यांची ये-जा कशी ओसरते आणि मुलांना सुट्टी पडली की कशी वाढते, हे सगळे त्या तक्त्यात उतरले होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, आषाढ-श्रावणात देवघेव जवळजवळ थांबते हे आपल्या नजरेस आले. आम्हाला त्याचे कारण ठाऊक होते, पण ते सांगण्यासारखे आहे असे वाटत नव्हते. सत्तरीतला पाऊस म्हणजे भिंती ओलावतात, लाकडी मांडणीला वाळवी लागते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट बुरशी धरते, आणि मग आम्ही पुस्तके पोत्यांत बांधून देवळाच्या माळ्यावर चढवतो. आपण म्हणालात की, अर्जात ‘वाचनसंस्कृती रुजवण्यासाठी’ असे लिहिण्याऐवजी हे लिहा. वर्षातले जवळपास तीन महिने पुस्तके पोत्यात असतात, म्हणून कपाटे हवी आहेत. अर्जाचा पहिला परिच्छेद तोच ठेवला. तो वाचून एका अधिकाऱ्यांनी आम्हाला दूरध्वनीवरून फक्त एकच विचारले होते, की कपाटे भिंतीपासून किती अंतरावर ठेवणार. त्या प्रश्नावरूनच आम्हाला उमगले की अर्ज वाचला गेला आहे.

मात्र त्या अर्जापर्यंत पोहोचण्याआधी बराच काळ कागदपत्रांत गेला, आणि तो आपण जाणीवपूर्वक घालवायला लावलात. संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली होती, एवढ्यावर आम्ही समाधानी होतो. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वार्षिक सभेनंतर १४ दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे दाखल करायची असते, आणि जुन्या यादीतल्या मंडळींच्या सह्यांवर नवा अर्ज केला तर तो पहिल्याच टेबलावर अडतो, हे आपण समजावलेत. संस्था विसर्जित झाल्यास शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटली न जाता समान उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल, असे कलम आमच्या घटनेत स्पष्ट नव्हते. ते सर्वसाधारण सभेत घालून घेतले, कारण आयकर खाते नेमके ते तपासते. इतिवृत्त मराठीतच राहू द्या, इंग्रजी अर्जासोबत हवा त्या ठरावाचा अनुवाद जोडा, असाही आपला आग्रह होता. सभेत जे बोलले गेले ते सभासदांना वाचता आले पाहिजे, या आपल्या म्हणण्याशी मी पूर्णपणे सहमत आहे.

आयकराच्या नोंदणीबाबत लहान संस्थांमध्ये जेवढा गोंधळ आहे तेवढा दुसऱ्या कशाबद्दल क्वचितच असेल, म्हणून आपण सांगितलेले इथे थोडे विस्ताराने लिहितो. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या १२ए आणि ८०जी या नावांनीच लोक अजून या नोंदण्या ओळखतात, जरी १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पहिली नोंदणी संस्थेच्या उत्पन्नाच्या करमाफीसाठी, दुसरी देणगीदाराला मिळणाऱ्या वजावटीसाठी. २०२१ पासून नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळू लागली आणि ती मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांतले जे आधी येईल त्या वेळी नियमित नोंदणीचा अर्ज करणे बंधनकारक झाले. ही तारीख चुकल्यामुळे कागदोपत्री कोऱ्या झालेल्या संस्था तुमच्याआमच्या आसपास आहेत. ८०जी असलेल्या संस्थेने वर्षभरातल्या देणग्यांचे विवरण ३१ मेपर्यंत भरायचे, तेव्हाच देणगीदाराला प्रमाणपत्र मिळते. उशीर झाला तर रोज २०० रुपये शुल्क. ३१ मे म्हणजे आमचे खजिनदार काजूच्या बागेतून जेमतेम मोकळे झालेले असतात, म्हणून आपण हे काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच उरकून टाकायची शिस्त लावलीत. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला ८०जीचा लाभच नाही, हेही आपण आधीच सांगून ठेवलेत. त्यामुळे ‘कर वाचेल’ असे सांगून देणगी मागण्याची वेळ आमच्यावर आली नाही.

आता आपण जे करू दिले नाहीत त्याविषयी. एक सल्लागार गृहस्थ आमच्याकडे येऊन गेले होते. अर्ज ते लिहिणार, मंजुरी ते आणणार आणि मंजूर रकमेतला ठरावीक टक्का त्यांचा, असा त्यांचा प्रस्ताव होता. कार्यकारिणीतल्या निम्म्या लोकांना तो पटलाही होता. आपण फक्त एवढे विचारलेत की, हा टक्का हिशेबात कोणत्या शीर्षाखाली दाखवणार. त्याचे उत्तर कोणाकडे नव्हते आणि विषय तिथेच संपला. माझ्या मते लहान संस्थांना सगळ्यात मोठा धोका अनुदान न मिळण्याचा नसून अशा वाटेने मिळण्याचा आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक होती. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येत असल्याने, आपल्याकडच्या अनेक घरांतली माणसे त्या पासपोर्टवर इंग्लंडात किंवा पोर्तुगालमध्ये आहेत. आमच्या एका जुन्या सभासदाने तिकडून मोठी रक्कम पाठवण्याची तयारी दाखवली, तेव्हा आम्ही आनंदात होतो. आपण सांगितलेत की माणूस गावचाच असला तरी पासपोर्ट परदेशी असेल तर ते पैसे २०१० च्या विदेशी योगदान नियमन कायद्याखाली विदेशी योगदान ठरतात आणि त्या कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक रुपयाही घेता येत नाही. ती नोंदणी मागायची तर संस्था किमान तीन वर्षे चाललेली हवी आणि आधीच्या तीन वर्षांत मूळ उद्देशांवर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. आमच्यासारख्यांना ते शक्य नाही. याउलट आखातात किंवा जहाजावर नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा आपल्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देत असेल तर ती विदेशी योगदान नव्हे. हा फरक आपण त्या सभासदाला स्वतः पत्र लिहून कळवलात, तेही अशा भाषेत की त्यांना वाईट वाटले नाही. दर चतुर्थीला गावी आले की ते अजूनही वाचनालयात येऊन बसतात.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल आमच्या फार मोठ्या कल्पना होत्या. पिसुर्ले आणि होंड्याच्या औद्योगिक वसाहती जवळच असल्याने तिथल्या प्रत्येक कारखान्यात अर्ज द्यावा असे ठरत होते. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ आपण आम्हाला फळ्यावर लिहून समजावलेत: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपनीलाच मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करण्याचे बंधन आहे, आणि वसाहतीतला प्रत्येक कारखाना या उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून अशा निधीतून काम करणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते, त्यासाठी आयकराच्या दोन्ही नोंदण्या आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. दाराशी जाण्याआधी हे सगळे हातात असले पाहिजे, हा आपला मुद्दा होता. त्याच वेळी या निधीतून कोणती कामे करता येतात त्याची यादी असलेल्या, त्याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ‘सार्वजनिक ग्रंथालये उभारणे’ असे स्वच्छ लिहिलेले आहे आणि कायदा कंपनीला आपल्या कार्यक्षेत्राच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, या दोन गोष्टीही आपणच दाखवल्यात. तो अर्ज आम्ही अजून केलेला नाही. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब पूर्ण झाले की करू.

शेवटी आपण वळवलेत ते राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडे. १९७२ साली स्थापन झालेली, कोलकात्यात मुख्यालय असलेली ही केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखालची संस्था देशभरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना, स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांनाही, पुस्तके, कपाटे, इमारत अशा कामांसाठी साहाय्य करते, आणि अर्ज राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेमार्फत जातो. पणजीतल्या पाट्टो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन तिथल्या कर्मचाऱ्यांशी बोला, ते शत्रू नव्हेत, असे आपण आम्हाला बजावून पाठवलेत. त्यांनी खरोखरच आपुलकीने कागद तपासून दिले. त्यांचेही आभार या निमित्ताने नोंदवतो. स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरचा संस्थेचा क्रमांक आपण आधीच काढून घ्यायला लावला होता, त्यामुळे केंद्राच्या अर्जातला तो रकाना रिकामा राहिला नाही.

मंजुरीचे पत्र आले त्या दिवशी आम्ही पेढे घेऊन आपल्याकडे आलो, तेव्हा आपण पेढा बाजूला ठेवून अटींचे पान उघडलेत. तीन दुकानांची दरपत्रके आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता, अनुदानासाठी वेगळे बँक खाते, प्रत्येक कपाटावर रंगवलेला क्रमांक आणि तोच क्रमांक जडवस्तूंच्या नोंदवहीत, असे सगळे आपल्या देखरेखीखाली झाले. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यायचे असते. आपण ते आमच्याकडून कपाटे आल्याच्या पुढच्याच महिन्यात तयार करून घेतलेत. खर्च न झालेली रक्कम आणि तिच्यावरचे व्याज संस्थेचे नसते, तसेच अनुदानातून घेतलेली वस्तू परवानगीवाचून विकता किंवा गहाण ठेवता येत नाही, हे नव्या कार्यकारिणीलाही कळावे म्हणून तो मजकूर कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. काही सभासदांना हा अतिरेक वाटतो. मला वाटत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात पुस्तके माळ्यावर गेली नाहीत आणि श्रावणातही देवघेव चालू राहिली, तिचा तक्ता त्याच मुलीने आता स्वतः केला आहे. तो आपल्याला तपासायला पाठवत आहोत.

जाता जाता एक विनंती. तालुक्यातल्या एका नाट्यमंडळाने आणि दोन स्वयंसाहाय्य गटांनी आमच्या फाइली पाहायला मागितल्या आहेत. घटनादुरुस्तीचा ठराव, दरपत्रकांचा तक्ता आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांच्या प्रती त्यांना द्याव्यात असे कार्यकारिणीने ठरवले आहे. परंतु आपण पेन्सिलीने शेरे मारलेली पाने द्यावीत की नाहीत, याचा निर्णय आपला आहे. तेवढा कळवावा. खजिनदारांचे म्हणणे आहे की शेऱ्यांसकटच द्यावीत.

आपला कृतज्ञ,
कार्यवाह, कार्यकारिणी आणि सर्व सभासदांच्या वतीने