अल्बमचा निकाल इतक्या घाईने नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत नव्या रॉक अल्बमचं परीक्षण येतं, पाचपैकी किती तारे ते सांगणारं. त्याच पानावर सध्या एक आवाहनही असतं: आपले सर्वकालीन आवडते दहा अल्बम कळवा, सगळ्या याद्यांची बेरीज करून आम्ही महायादी छापू. दोन्ही सदरं मी आवडीने वाचते, म्हणूनच हे पत्र. दोन्हींत मला एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे घाई.

परीक्षण बहुधा अल्बम आला त्याच आठवड्यात येतं. एवढ्या वेळात समीक्षकाने तो फार तर दोन-तीनदा ऐकलेला असणार. तेवढ्यावर दिलेला निकाल पुढे किती टिकतो, याचे दाखले रॉकच्या इतिहासात जागोजागी आहेत. ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १९७० साली आला, तेव्हा ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन मासिकात समीक्षक लेस्टर बँग्जने तो झोडपून काढला. आज हेवी मेटल, म्हणजे जड, कर्कश गिटारचं रॉक, कुठून सुरू झालं असं विचारलं, तर बहुतेक जण त्याच अल्बमकडे बोट दाखवतात. आदल्या वर्षी लेड झेपेलिन या बँडच्या पहिल्या अल्बमचीही त्याच मासिकात अशीच संभावना झाली होती.

हे समीक्षक अडाणी होते असं मुळीच नाही. रोलिंग स्टोन्स या बँडच्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’चं उदाहरण घ्या. १९७२चा डबल अल्बम, चार बाजू, अठरा गाणी. त्यावर ‘रोलिंग स्टोन’ मासिकात लिहिलं लेनी केने. हा स्वतः गिटारवादक, पुढे १९७५ साली गायिका पॅटी स्मिथच्या ‘हॉर्सेस’ या अल्बमवर वाजवणारा. म्हणजे कान पक्का तयार. त्याचाही सूर असा होता की स्टोन्सचा खरा थोर अल्बम अजून यायचाच आहे. मला त्यात नवल वाटत नाही, कारण ‘एक्झाइल’ पहिल्या ऐकण्यात हाती लागतच नाही. स्टोन्सचा गायक मिक जॅगरचा आवाज मागे ठेवलेला. गिटार, पियानो आणि ब्रास वाद्यांच्या गर्दीत तो अर्धा बुडून जातो. शब्द धड कळत नाहीत, सगळं गढूळ वाटतं. पुन्हा पुन्हा ऐकत गेलं की त्या गर्दीत वाटा दिसू लागतात. ‘टंबलिंग डाइस’मध्ये ठेका किंचित रेंगाळत चालतो आणि साथीला गाणाऱ्या बायकांचे आवाज जॅगरला पुढे रेटत नेतात. मग वाटतं, आवाज स्वच्छ करून पुढे आणला असता तर हे गाणं निम्मंच उरलं असतं. २००३ साली ‘रोलिंग स्टोन’नेच ५०० थोर अल्बमची यादी केली, तेव्हा ‘एक्झाइल’ सातवा होता. रेकॉर्ड तीच, बदललं ते ऐकणं.

दुसरं असं की अल्बम सलग आणि क्रमाने ऐकला का, हे परीक्षणातून कळत नाही. एलपीच्या, म्हणजे जुन्या मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची, आणि ही मर्यादा लक्षात घेऊनच गाण्यांचा क्रम लागायचा. बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ची पहिली बाजू ‘आय वाँट यू’ या गाण्याने संपते. एकच जड रिफ, म्हणजे सुरांची छोटी ओळ, मिनिटामागून मिनिटं फिरत राहते, तिच्यावर वाऱ्यासारखा घोंघावणारा आवाज चढत जातो, आणि अगदी ऐन भरात टेप कापल्यासारखं सगळं एकदम थांबतं. शेवट नाहीच. तुम्ही उठायचं, रेकॉर्ड उलटायची, सुई ठेवायची, आणि मग ‘हिअर कम्स द सन’ची गिटार सुरू होते. ती मधली शांतता अल्बमचाच भाग आहे. स्ट्रीमिंगवर तो उन्हाचा कवडसा लगेच अंगावर येतो. शफल लावलं तर ही दोन गाणी शेजारी येतीलच असं नाही. समीक्षकाने काय ऐकलं, एलपी की सीडी, मूळ मिक्स की रीमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणावर नव्याने काम करून काढलेली आवृत्ती), हे एका ओळीत सांगितलं तरी वाचकाला पुष्कळ कळेल. रीमास्टर करताना आवाज सरसकट मोठा केला की हळू आणि जोरकस भागांमधला फरक सपाट होतो, आणि परीक्षण मात्र बँडच्या नावे जमा होतं.

आता यादीविषयी. बेरजेवर माझा मुख्य आक्षेप आहे. प्रत्येकाच्या यादीत आठव्या-नवव्या जागेवर असणारा अल्बम, ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही, तो बेरजेत वर जातो. मोजक्या दहा जणांनी ज्याला जीव लावलाय तो खाली राहतो किंवा गळतोच. वर ती यादी कायमची, असा आव. ‘रोलिंग स्टोन’च्या त्या २००३च्या यादीत पहिला होता बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’. २०२०मध्ये नव्या मतदारांना विचारून यादी नव्याने केली, तेव्हा गायक मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला आणि ‘सार्जंट पेपर’ चोविसावर गेला. मार्विन गे पहिला आला याचा मला आनंदच आहे. पण शेकडो जाणकारांच्या मतांची बेरीज सतरा वर्षांत इतकी हलते, तर आपण तिला ‘सर्वकालीन’ का म्हणायचं?

आवड मात्र टिकते. माझ्या यादीत पहिला आहे टेलिव्हिजन या बँडचा ‘मार्की मून’, १९७७चा. कॉलेजात असल्यापासून ऐकतेय. टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड, दोन गिटार. हेडफोन लावले की एक या कानात, दुसरी त्या कानात, आणि दोघी एकमेकींवर कुरघोडी न करता संवाद करतात. शीर्षकगीत एलपीवर दहा मिनिटं पुरी व्हायच्या आत फेड होत, म्हणजे हळूहळू विरत, जायचं. नंतरच्या सीडीवर ते पूर्ण ऐकायला मिळालं. मधला गिटारचा लांब सोलो (एकट्याचं वादन) एकेक पायरी चढत टोकाला पोहोचतो, तिथे क्षणभर गिटारचे सूर थेंबांसारखे टपटपतात, आणि मग ड्रम्स पुन्हा मूळ ठेका धरतात. तो सोलो मला पाठ आहे, तरी दर वेळी त्या चढणीवर मी हातातलं काम थांबवते. हा अल्बम कुठल्या यादीत कितवा आहे, याने मला काही फरक पडत नाही. दुसरा ‘हॉर्सेस’, तिसरा ‘एक्झाइल’. रेडिओहेड या बँडचा ‘किड ए’ चौथा. त्यापुढे दहापर्यंत जायचं तर आकडा भरण्यासाठी नावं घालावी लागतील, ती मी घालणार नाही.

म्हणून विनंती अशी. महायादी छापू नका. वाचकांच्या लहान लहान याद्या त्यांच्या नावानिशी छापा, तीन अल्बमच्या असल्या तरी चालतील. मात्र प्रत्येक अल्बम किती वर्षांपासून ऐकताय आणि त्यातली कुठली जागा तुम्हाला धरून ठेवते, हे लिहायला सांगा. दहा वर्षं सोबत न केलेला अल्बम ‘सर्वकालीन’मध्ये घेऊच नये, असं माझं मत आहे. परीक्षणातले तारे काढून टाका. तिथे वाचणारी जागा ‘दुसऱ्यांदा ऐकताना’ अशा छोट्या सदराला द्या: वर्षभरापूर्वी ज्या अल्बमवर लिहिलं, त्यातल्याच एकावर त्याच समीक्षकाने पुन्हा लिहायचं, जुन्या परीक्षणातला उतारा शेजारी ठेवून. सुरुवात, जमल्यास, गेल्या वर्षी ज्यांना दोनच तारे मिळाले होते त्यांच्यापासून करावी.

आपली,
एक नियमित वाचक