शिलालेखावर खडू फिरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाया खणताना किंवा शेत नांगरताना कोरीव दगड निघाला की 'गूढ लिपीतला शिलालेख सापडला' अशी बातमी येते. लगेच दगडावर तेल-शेंदूर चढतो आणि जी काही अक्षरे शिल्लक होती तीही बुजतात. खरे तर महाराष्ट्रात सापडणाऱ्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या बऱ्याच लेखांची लिपी देवनागरीच असते. घोटाळा होतो तो झिजेमुळे, आणि आपल्या काळ्या दगडातल्या नैसर्गिक छिद्रांमुळे. अशी छिद्रे हमखास अनुस्वार म्हणून वाचली जातात.

दगड साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा. तारेचा ब्रश किंवा ॲसिड अजिबात नको. खडू, पीठ, कोळसाही नको. जिथे रेघ आहे असे आपल्याला वाटते तिथेच खडू फिरतो आणि पुढचा वाचक लेखाऐवजी आपला अंदाज वाचत बसतो. त्यापेक्षा अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या पृष्ठभागालगत आडवी धरावी आणि चारही बाजूंनी प्रकाश टाकून वेगवेगळे फोटो काढावेत. शेजारी मोजपट्टी ठेवावी. ठसा जाणकारानेच घ्यावा. ओला हातकागद दगडावर बसवून मधून कडेकडे ब्रशने ठोकत हवा बाहेर काढायची, कागद जेमतेम ओलसर राहिला की कापडी बोळ्याने शाई लावायची. घाई केली तर शाई पसरते, फार वेळ थांबले तर कागद सुटतो.

वाचनात पहिली ठेच लागते ती पृष्ठमात्रेची. 'दे'ची मात्रा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभ्या दांडीने दाखवत, त्यामुळे 'रामदेव' हे नाव नवख्याला 'रामादव' दिसते. शब्द तोडलेले नसतात. शुद्धलेखन तर आपल्या मनातून काढूनच टाकावे: अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखात 'पसीमसमुद्राधीपती' (पश्चिमसमुद्राधिपती) असेच कोरले आहे. ते तसेच उतरवावे, सुधारू नये.

लेखातल्या वर्षाच्या नुसत्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये, संवत्सराशी, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाच्या नावाशी, ते ताडून पाहावेत. शकात 12 मिळवून 60ने भागले की उरलेली बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक. अक्षीचा शक 934 वाचला तर 946 भागिले 60, बाकी 46, म्हणजे परिधावी. लेखातला 'प्रधावी' त्याच्याशी जुळतो. तरीही हा लेख सुमारे दोनशे वर्षे अलीकडचा मानणारे अभ्यासक आहेत, कारण लेखात राजा म्हणून केशिदेवाचे नाव आहे आणि कोकणच्या शिलाहार राजघराण्यात केशिदेव एकच नव्हता. झिजलेल्या दोन-तीन अंकांवर किती अवलंबून असते ते यावरून कळावे. शिवाय लेखातला आकडा सरलेल्या (गत) वर्षाचा की चालू वर्षाचा, यातही एका वर्षाचा फरक पडतो.

वर सूर्य-चंद्र आणि खाली गाढव कोरलेला दगड म्हणजे गधेगाळ. जमिनीचे दान मोडणाऱ्याला त्यावर शिवी घातलेली असते, आणि सूर्य-चंद्र असेपर्यंत दान चालावे एवढाच वरच्या चिन्हांचा अर्थ. त्याला गुप्तधनाची खूण समजून खाली खणणाऱ्यांनी असे कितीतरी दगड जागेवरून हलवले. दगड ज्या जमिनीच्या दानाचा, ती जमीन शोधायचा धागाच त्याने तुटतो. ताम्रपट, म्हणजे लेख कोरलेले तांब्याचे पत्रे, निघाला तर चिंचेने घासू नये, पत्रे ओवलेली कडी तोडू नये. राजमुद्रा बहुधा तिच्यावरच असते.

1878च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. आपल्या दैनिकाने अशा बातमीत ही ओळ जरूर द्यावी, आणि फोटो खडू न फिरवलेल्या दगडाचा छापावा.

— शिलालेखांचा एक अभ्यासक, पुणे