हिप्पी गेले, बाजार उरला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात अमली पदार्थांची बातमी आली, की त्याचे खापर आजही साठ-सत्तरच्या दशकांत पाश्चात्त्य देशांतून आलेल्या हिप्पी तरुणांच्या माथी फुटते. त्यांच्यात नशेचे स्तोम होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट-अ‍ॅशबरी वस्तीत जमलेल्या तरुणांमध्ये व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे होते, फुकट जेवण वाटणारे ‘डिगर्स’ होते आणि त्याच वर्षी तेथे मोफत दवाखानाही उघडला होता. गंमत अशी, की प्रसारमाध्यमांनी मांडलेल्या तमाशाला विटून तेथल्याच काही जणांनी त्या ऑक्टोबरात ‘हिप्पी’ची लटकी अंत्ययात्रा काढली.

तरीही इस्तंबूल, तेहरान, काबूल अशी मजल-दरमजल करत ही मंडळी गोव्यातल्या हणजूणला (अंजुना) येतच राहिली. १९७९ मध्ये इराणमधील क्रांतीने आणि अफगाणिस्तानात शिरलेल्या सोव्हिएत फौजांनी ती खुश्कीची वाट अडवली. पुढे नव्वदच्या दशकात गिटारची जागा ‘गोवा ट्रान्स’ या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताने घेतली. गाठीचे पैसे संपल्यावर जीन्स, कॅमेरे नि पुस्तके विकण्यासाठी या प्रवाशांनी मांडलेला बुधवारचा बाजार मात्र टिकला. आता तेथे काश्मिरी शाली आणि लमाणी भरतकामाच्या पिशव्या विमानाने आलेल्या पर्यटकांना विकल्या जातात. ज्यांनी पैशाकडे पाठ फिरवली, त्यांचीच छबी टी-शर्टांवर खपावी, हे मला तरी विचित्र वाटते.

त्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या हणजूणकरांच्या आठवणी आपल्या पत्राने छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, म्हापसा