सोडतीचा 'धक्का' आणि महिला सरपंच

महोदय,

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली की दुसऱ्या दिवशी ठरलेले मथळे वाचायला मिळतात. 'दिग्गजांना धक्का', 'इच्छुकांचा हिरमोड', 'मातब्बरांचा पत्ता कट'. आपले वर्तमानपत्रही त्याला अपवाद नाही. ज्याची खुर्ची हुकली त्याचे दुःख बातमीत सविस्तर येते, पण जिच्यासाठी दार उघडले ती बाई बातमीत नसतेच. आली तरी अमक्याची पत्नी किंवा तमक्याची सून म्हणून येते. जळगाव जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून माझी नोकरी झाली. महिला सरपंचांच्या शेजारी बसून मी दप्तर सांभाळले आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले.

या बाबतीत आमचा जिल्हा मागे नव्हता. प्रतिभाताई पाटील 1962 मध्ये याच जिल्ह्यातून पहिल्यांदा आमदार झाल्या आणि 2007 मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. तो इतिहास शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण चोपडा तालुक्यातल्या विटनेरची आठवण किती जणांना आहे? 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते. तिथून निघालेल्या वाऱ्याने विटनेरच्या बायांनी 1989 मध्ये अख्खी ग्रामपंचायत ताब्यात घेतली. तेव्हा पंचायतींत स्त्रियांना राखीव जागा देणारी 73वी घटनादुरुस्ती झालेली नव्हती. स्वयंपाक, शेत आणि गुरेढोरे सांभाळणाऱ्या या बायका होत्या.

घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. 2011 मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. म्हणजे आज हजारो गावांचा कारभार बाईच्या सहीने चालतो. यावर लगेच उत्तर येते, 'सही बाईची, कारभार नवऱ्याचा.' हे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. सरपंचपतीने मासिक सभेत मधोमध बसायचे आणि बाईने दाराशी पदर सावरत उभे राहायचे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण तेवढेच पाहून थांबणे अन्यायाचे आहे. कारण त्याच खुर्चीवर वर्ष-दीड वर्षात बाई कशी बदलते, हेही मी पाहिले आहे.

एका गावात सरपंच झालेल्या ताई चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. कापूस वेचायला जाणारे घर. पहिले काही महिने त्या मी दाखवीन तिथे सही करत. मग एक दिवस म्हणाल्या, 'भाऊसाहेब, आधी वाचून दाखवा.' पुढे स्वतःच बोट ठेवून वाचू लागल्या. नमुना 8 म्हणजे घराची कर आकारणी, नमुना 9 म्हणजे मागणी, कोणाची किती वर्षांची घरपट्टी थकली, हे त्यांना तोंडपाठ झाले. थकबाकीदारांत त्यांचा सख्खा दीर निघाला. त्याच्याकडे त्या स्वतः शिपायाला घेऊन गेल्या.

नळयोजनेची पाइपलाइन टाकण्याचे काम चालू होते. अंदाजपत्रकात चराची खोली तीन फूट होती. ठेकेदार बिलाचे कागद घेऊन कार्यालयात आला. ताईंनी कागद बाजूला ठेवला, चप्पल पायात सरकवली आणि थेट कामावर गेल्या. नुसत्या चरात उतरून भागले नाही, पुढे जिथे माती लोटून झाली होती तिथेही दोन मजुरांकरवी उकरायला लावले. हातात खुणा केलेली काठी होती. पाइप दीड फुटावर लागला. 'तीन फूट कोठे शे, भाऊसाहेब?' एवढेच त्या बोलल्या. माझ्याकडे उत्तर नव्हते. बिल थांबले आणि काम पुन्हा झाले. त्या दिवसांत ताईंच्या घरावर रात्री दगड पडले, नवऱ्याला बाजारात टोमणे ऐकावे लागले. नवरा मजुरीला जाणारा साधा माणूस. तो एकदाही कार्यालयाची पायरी चढला नाही आणि बायकोला एकदाही 'राजीनामा दे' म्हणाला नाही. मला या दोघांचे मोठेपण एकसारखेच वाटते.

हे सगळीकडे एवढ्यावर निभावत नाही. याच जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2021 मध्ये त्या निवडून आल्या. सासूसोबत सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात, असा आक्षेप घेऊन त्यांना अपात्र ठरवण्यात आले. आपण वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे त्या सांगत होत्या. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय, कुठेच दाद लागली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले. बाई सरपंच झाली आणि तिचे आदेश पाळावे लागणार, हे गावकऱ्यांना पचले नाही, असे निरीक्षणही न्यायालयाने नोंदवले. एका खेड्यातली बाई सरपंचपदासाठी दिल्लीपर्यंत लढते, याला केवढी चिकाटी लागत असेल!

कायद्याने काही संरक्षण दिले आहे. महिलेसाठी राखीव पदावरच्या महिला सरपंचाविरुद्ध अविश्वास ठराव आणायचा तर तीनचतुर्थांश बहुमत लागते. माझा खरा आक्षेप आहे तो पाच वर्षांनंतर जे होते त्यावर. आरक्षण फिरते असल्याने पुढच्या वेळी पद खुले निघाले की पॅनलप्रमुख म्हणतात, 'आता ताईंनी थांबावे.' अंदाजपत्रक वाचायला शिकलेली, ग्रामसभा चालवायला शिकलेली, ठेकेदाराला न घाबरणारी बाई घरी बसते. खुल्या जागेवर बाईने उभे राहायला कायद्याची आडकाठी नाही, आडकाठी आहे ती उमेदवारी देणाऱ्यांची. माझ्या त्या ताईंनाही दुसऱ्यांदा कोणी विचारले नाही.

अशी शिकून तयार झालेली माणसे दर पाच वर्षांनी घरी पाठवली, तर वर कोण जाणार? 1960 पासून महाराष्ट्राला एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. शेजारच्या गोव्यात शशिकलाताई काकोडकर 1973 मध्येच मुख्यमंत्री झाल्या. विधानसभेच्या 288 जागांमध्ये महिला आजही दहा टक्क्यांच्या आत आहेत. लोकसभा आणि विधानसभेतल्या आरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला खरा, पण तो जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलेला आहे. त्याची वाट पाहायची गरज पक्षांना नाही. जिल्हा परिषदेची तिकिटे वाटताना गावोगावच्या माजी महिला सरपंचांची यादी समोर घ्यायला कोणती घटनादुरुस्ती लागते?

आपल्याला एक विनंती आहे. पुढची सोडत निघेल तेव्हा 'धक्का' बसलेल्यांच्या शेजारी, पायउतार होणाऱ्या महिला सरपंचांनी पाच वर्षांत काय केले तेही छापावे. त्यासाठी कोणाच्या मुलाखतीची वाट पाहावी लागत नाही. ग्रामसभेचे इतिवृत्त, रोकडवही आणि वसुलीचे आकडे ग्रामपंचायतीच्या कपाटात असतात. आपल्या तालुका वार्ताहराने एक दिवस काढून ते बघावेत.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक,
जि. जळगाव