फुर्टवांगेनच्या मुलीस

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

उघड पत्र आहे, म्हणून तुझं नाव घालत नाही. जर्मनीतल्या त्या डोंगराळ गावात शिकत असताना सुट्टीचा दिवस आम्हा दोन म्हाताऱ्यांवर खर्च करणारी सोलापूरची मुलगी तूच, हे तुला वाचताक्षणी कळेल.

तिथल्या घड्याळांच्या संग्रहालयात माहिती जर्मनमध्ये चालली होती. तू शेजारी उभी राहून हळू आवाजात मराठीत सांगत गेलीस, म्हणून घड्याळांमागची माणसं दिसली. हिवाळ्यात बर्फात अडकलेली शेतकरी घरं, लाकडात कापलेली दातेरी चाकं, तबकड्या रंगवणारे हात वेगळे, घंटा ओतणारे वेगळे, आणि पाठीवरच्या चौकटीत घड्याळं बांधून परदेशी विकायला निघालेले फेरीवाले. रॉबर्ट गेर्विग हा १८५० साली तिथे निघालेल्या घड्याळशाळेचा पहिला प्रमुख. १८५२ पासून त्यानं जमवलेल्या जुन्या घड्याळांतून हा संग्रह उभा राहिला. आणि ज्या रेल्वेनं आम्ही ट्रीबेर्गपर्यंत आलो, ती काळ्या जंगलातून, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमधून, नेणारा अभियंताही तोच! ज्यातून पक्षी बाहेर येऊन ‘कुकू’ करतो, त्या कुकू घड्याळाचं उतरत्या छपराचं घरसुद्धा रेल्वेतलंच निघालं. गेर्विगनं घड्याळांच्या नव्या रचनांसाठी भरवलेल्या स्पर्धेसाठी आयझेनलोर नावाच्या वास्तुविशारदानं रेल्वेच्या चौकीदाराच्या घरावरून बेतलेलं.

पण खरे आभार कुकू घड्याळाच्या त्या उघड्या यंत्रासाठी. मी जन्मभर वाजवायच्या पेट्या, हार्मोनियम, दुरुस्त केल्या. मला पक्ष्याचं कौतुक नव्हतं, आवाज कुठून येतो ते बघायचं होतं. तू संग्रहालयातल्या त्या माहिती देणाऱ्या बाईंना विनंती केलीस, त्यांनीही न कंटाळता यंत्र पुन्हा चालवलं. दोन इवलेसे भाते. तार एकेकाला उचलते आणि सोडते. भाता आपल्याच वजनानं मिटतो, हवा खालच्या लाकडी नळीत शिरते. आधी चढा सूर, मग उतरता. माझ्या कानाला ते ग–सा वाटलं. आमच्या पेटीत पितळी सूर थरथरतात, इथे मात्र नुसती शिट्टी. इतकं साधं! दुकानांतली रंगीबेरंगी कुकू घड्याळं बघून हे कधीच कळलं नसतं.

परतीच्या बसपर्यंत सोडायला आलीस, तेही विसरलो नाही.

काकूनं डिंकाचे लाडू केलेत. भाचा पुढच्या महिन्यात स्टुटगार्टला येतोय, त्याच्याकडून घे. सोलापूरला आलीस की सांगलीला चक्कर टाक, पेटी उघडून दाखवतो.

तुझा,
सांगलीचा पेटीवाला काका